सद्भावनेची अट

मराइकेचा फोन आला तेव्हा समता प्रयोगशाळेत बशांवर वाढलेले जिवाणूंचे ठिपके मोजत होती. मोजताना फोन घ्यायचा नाही, हा तिचा स्वतःचाच नियम. पण पडद्यावर फोरबर्गच्या वृद्धनिवासाचे नाव दिसले, आणि त्या नावाची ती कित्येक दिवस वाट पाहत होती. धोक्याचा इशारा पाठवला की एरवी तासाभरात उत्तर येते. न्हाणीघर बंद केल्याचे कळवतात, दुसरा नमुना कधी घेणार ते विचारतात. या वेळी काहीच आले नव्हते. फोन केला तर स्वागतकक्षातून मेलच करा असे सांगितले, म्हणून तिने तोच इशारा पुन्हा एकदा पाठवला होता. त्यावरही सामसूम होती.

"हूकस्ट्रा आजोबांना इस्पितळात हलवलंय," मराइके म्हणाली. ती त्या निवासाची व्यवस्थापक. तिच्या डचमध्ये एरवी असणारा खेळकरपणा आज नव्हता. "न्यूमोनिया. तपासात लेजिओनेला निघालाय. दुसऱ्या मजल्यावरच्या शॉवरचा नमुना तू नेला होतास ना? त्याचं पुढे काय झालं?"

समताने हातातले यंत्र खाली ठेवले. लेजिओनेला म्हणजे साचलेल्या कोमट पाण्यात वाढणारा आणि शॉवरच्या तुषारांतून फुप्फुसात शिरणारा जिवाणू. तो शोधणे हाच तिचा व्यवसाय होता. आणि त्या शॉवरमध्ये तो तिला सापडला होता, मर्यादेच्या कितीतरी पट.

"मी कळवलं होतं," ती म्हणाली. "शॉवर ताबडतोब बंद करा, असं ठळक अक्षरात. दोनदा."

"आम्हाला काहीही मिळालेलं नाही."

"तो शॉवर अजून चालू आहे?"

"हो," मराइके म्हणाली.

"आत्ता बंद कर. बाकीचं मागून बोलू."

बाकीचे मराइकेने त्याच संध्याकाळी फोनवर वाचून दाखवले, आणि लेखी प्रत टपालाने पाठवली. गुरुवारी व्यवस्थापनाची बैठक होती. समताने इशारा दिला होता की नाही, यावर तीत विचार होणार होता. दिला नाही असे ठरले तर करार संपणार आणि तिच्या प्रयोगशाळेला मान्यता देणाऱ्या संस्थेकडे तक्रार जाणार. पाण्याची तपासणी करणाऱ्या माणसाकडे विकण्यासारखी एकच वस्तू असते: त्याच्या शब्दावरचा विश्वास. ती एकदा गेली की उरतात नुसत्या बशा.

राजानंदने घरच्या माळ्यावर बसून सर्व्हरची नोंद काढली. समताचा हा नवरा हेगमधल्या एका विमा कंपनीत संगणकाचे काम करायचा, आणि आपली पत्रे परक्या बलाढ्य कंपन्यांच्या हवाली करायची नाहीत, या तत्त्वापायी त्याने स्वतःचा मेल-सर्व्हर चालवायला घेतला होता. समताच्या प्रयोगशाळेची पत्रे त्याच्यावरूनच जात.

"हे बघ, गेलंय," तो म्हणाला. "दोन्ही वेळा. त्यांच्या बाजूने स्वीकारल्याची पोच आहे."

"कुणी स्वीकारलं?"

"त्यांच्या दारात स्पॅमची गाळणी बसवलेली आहे. एका कंपनीची आहे, झुइडासला ऑफिस आहे त्यांचं. त्या गाळणीने."

"आणि गाळणीच्या पुढे?"

"पुढचं आपल्याला दिसत नाही."

"म्हणजे पोस्टमनने पत्र घेतलं, सही दिली आणि कालव्यात टाकलं."

"कालव्यात नाही गं. वेगळं काढून ठेवलं असणार. संशयित म्हणून."

"संशयित आहे हे कुणाला सांगितलं? मला? त्यांना?"

राजानंदने चष्मा काढून पुसला. उत्तर नसले की तो चष्मा पुसत असे. संसार जुना असल्यामुळे समताला हे उत्तर वाचता येत होते.

तिला चीड आली ती चूक झाल्याची नव्हे. चुका कशा होतात हे तिला पक्के ठाऊक होते. कोणतीही चाचणी कधी नसलेले दाखवते, कधी असलेले लपवते. दोन्ही शून्यावर आणता येत नाहीत, एक कमी केले की दुसरे वाढते. म्हणून तर तिच्या प्रत्येक अहवालाच्या तळाशी अनिश्चिततेचा आकडा छापलेला असे. दर वर्षी मान्यता देणारी माणसे येऊन तिचा फ्रीज उघडून तापमान बघत, आणि तिच्या एका खोट्या नकाराने कुणी आजारी पडले तर ती जबाबदार असे. हे सगळे तिला रास्त वाटे. आता तिच्यासारखेच काम करणारे, निवडणारे आणि टाकणारे दुसरे एक यंत्र तिच्या वाटेत उभे होते. त्याच्या तळाशी कोणताही आकडा छापलेला नव्हता, आणि त्याचा फ्रीज उघडायला कुणी जात नव्हते.

गाळणीच्या कंपनीने चूक कळवण्यासाठी एक पत्ता दिला होता. समताने तिथे लिहिले. उत्तर नाही. राजानंदने नोंद पाहिली आणि पडदा तिच्याकडे वळवला. त्या पत्राचीही तशीच पोच होती: कंपनीच्या स्वतःच्या गाळणीने ते स्वीकारले होते, आणि पुढे काही दिसत नव्हते. मग तिने दुसऱ्या, कुणालाही फुकट मिळणाऱ्या पत्त्यावरून लिहिले. तेव्हा मिनिटाभरात यांत्रिक उत्तर आले: सुरक्षेच्या कारणास्तव तक्रार ज्या नावाबद्दल आहे त्याच नावाच्या पत्त्यावरून ती यायला हवी.

"हे तू मोठ्याने वाच," समता म्हणाली. "मला खात्री करायचीय की मला भ्रम होत नाहीये."

राजानंदने वाचले. वाचताना त्याला हसू आले आणि ते दाबताना ठसका लागला. समताला मात्र हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी ती सरळ झुइडासला गेली. स्टेशनातून बाहेर पडले की काचेचे मनोरे आणि त्यांच्या पायथ्याशी सायकलींचे जंगल. चौदाव्या मजल्यावरच्या कंपनीचा स्वागतकक्ष तळमजल्यावर होता. तिथे एक सोनेरी केसांचा, अत्यंत सभ्य तरुण बसला होता.

"भेटीची वेळ घेतली आहे का?"

"नाही. एका वृद्धनिवासाला पाठवलेला आरोग्याचा इशारा तुमच्या कंपनीने अडवला. मला कुणाशी तरी बोलायचं आहे."

"अरेरे, वाईट झालं," तो मनापासून म्हणाला. "भेटीची वेळ ईमेलवरून मिळते."

समताने त्याच्याकडे नीट पाहिले. तो थट्टा करत नव्हता. थट्टा करत असता तर निदान बोलणे पुढे तरी गेले असते.

शेजारच्याच मनोऱ्यात मृणालिनी वकिली करायची. मराठी मंडळातली ओळख. दोघींच्या मुली एकाच वर्षी जन्मल्यामुळे ती ओळखीपेक्षा जरा जास्त होती. तिने समताला खाली कॅन्टीनमध्ये बसवले, समोर सूप ठेवले आणि सगळे ऐकून घेतले.

"तुला खरं सांगू की धीर देऊ?"

"धीर घरी मिळतो."

"मग ऐक. वृद्धनिवासाचा त्या कंपनीशी करार आहे, तुझा नाही. मूळ कंपनी अमेरिकेतली, आणि असल्या करारांत सहसा तिकडचाच कायदा लावलेला असतो. तिकडच्या कायद्यात एक संरक्षण आहे. आक्षेपार्ह वाटणारा मजकूर कुणी सद्भावनेने अडवला तर त्याच्यावर दावा टिकत नाही. हे एक पोटकलम. पुढचं पोटकलम अडवण्याची साधनं पुरवणाऱ्यांसाठी आहे, म्हणजे गाळणी विकणाऱ्यांसाठी. त्यात सद्भावना हा शब्दसुद्धा नाही."

समताचा चमचा वाटीतच राहिला. "म्हणजे सद्भावनेचीही अट नाही?"

"शब्दशः पाहिलं तर नाही. न्यायालयांत त्यावर वाद झालेत, अगदीच मोकळं रान नाहीये. पण ढाल भक्कम आहे. आणि त्यामागे कारणही आहे, उगाच फणा काढू नकोस. ज्याचं पत्र अडलं तो प्रत्येक जाहिरातवाला दावे लावत बसला तर कुणी गाळणी बनवणारच नाही. तुझी टपालपेटी मग औषधांच्या आणि लॉटरीच्या जाहिरातींनी भरून वाहील."

"हे मला पटतं," समता म्हणाली. पटत होते, हीच तर पंचाईत होती. "पण मला जाहिरातवाल्याच्या रांगेत उभं कुणी केलं? चोर सोडून संन्याशाला सुळी."

"इथल्या कायद्याने लढायचं म्हटलं तर कृत्य बेकायदेशीर होतं, नुकसान झालं आणि त्या कृत्यामुळेच झालं, हे तिन्ही तुला दाखवावं लागेल. हूकस्ट्रा आजोबांना त्याच शॉवरमधून लागण झाली, हे आज तू छातीठोकपणे सांगू शकतेस?"

"नाही. दोन्ही जिवाणूंचे जनुकीय ठसे जुळवायला दिलेत. निकाल यायचाय."

"बघ. आणि त्यांचा वकील पहिला प्रश्न काय विचारेल सांगू? आमच्या गाळणीने तुमचं पत्र का अडवलं? त्याचं उत्तर त्यांच्याकडे असतं. बहुतेक वेळा एकच: या सर्व्हरवरून येणारी पत्रं लोकांनी स्वतःच स्पॅम म्हणून नोंदवली आहेत."

"लेजिओनेलाचे अहवाल कोण स्पॅम म्हणून नोंदवेल? वर्षाला जातात किती ते!"

मृणालिनीने खांदे उडवले. त्या क्षणी तिचे लक्ष एकाएकी सुपात गेले, आणि त्यात ते जरा जास्तच वेळ राहिले. समताच्या ते लक्षात आले, पण अर्थ लागला नाही.

घरी येऊन तिने राजानंदला मृणालिनीचा प्रश्न विचारला. या सर्व्हरवरून दुसरे काय जाते?

"आपलं घरचं. तुझं. आणि..." राजानंदचा हात चष्म्याकडे गेला. "आणि 'ख्यालीखुशाली'."

'ख्यालीखुशाली' हे मराठी मंडळाचे साप्ताहिक वार्तापत्र. मंडळाचे सचिव उल्हासकाका ते काढत. आइंडहोव्हनच्या चिप उद्योगात उभी हयात गेलेली, आता निवृत्त झालेली, माणसांना जीव लावणारी वल्ली. त्यांच्या वार्तापत्रात सणांच्या तारखा असत, कुणाचे बाळ, कुणाची बढती, एक पाककृती, एक विचारमौक्तिक, दोन कोडी आणि मंडळाच्या मागच्या कार्यक्रमाचा इतका सविस्तर वृत्तांत, की तो वाचायला कार्यक्रमापेक्षा जास्त वेळ लागे. मंडळाकडे सर्व्हर नव्हता. काकांनी राजानंदला विचारले होते, "तुझ्याकडून होईल का रे?" आणि अशा प्रश्नाला नाही म्हणण्याची सोय मराठी माणसाच्या घडणीत नसते.

"एकाच दारातून दोघं जातात," राजानंद म्हणाला. "गाळणी दाराला ओळखते. दारावर एकदा शिक्का बसला की तू कोण आणि उल्हासकाका कोण, हे ती बघत नाही."

समताला हे समजावून सांगण्याची गरजच नव्हती. जुन्या इमारतीत एखादा कुणी न वापरणारा नळ असतो. त्याच्या नळीत पाणी साचते, जिवाणू तिथे बिऱ्हाड करतात आणि मग साऱ्या इमारतीचे पाणी नासते. तिच्या धंद्यात अशा नळीला मेलेली नळी म्हणत. दुसऱ्यांच्या इमारतींत ती अशा नळ्या हुडकून काढत असे.

"पण 'ख्यालीखुशाली' जाते ती आपल्याच माणसांना," ती म्हणाली. "नाव नोंदवलेल्यांना. ती कशाला तक्रार करतील?"

रविवारी मंडळाची कोजागिरी होती. लायडस्खेनडामच्या क्रीडागृहाचा हॉल सहा वाजता रिकामा करून द्यायचा होता, त्यामुळे चंद्राची वाट पाहणे शक्य नव्हते. भर दुपारी, बास्केटबॉलच्या जाळीखाली, स्टीलच्या पातेल्यात मसाला दूध उकळत होते. दर वर्षीप्रमाणे कुणीतरी भिंतीवर चंद्राचे चित्र लावले होते, आणि दर वर्षीप्रमाणे समताने त्याची कला चुकल्याचे मनातल्या मनात नोंदवून ठेवले.

भेळेच्या टेबलाशी चारुता होती. झुइडओस्टला राहणारी, बँकेत नोकरी करणारी, आणि मनात आलेले ओठांवर अडू न देणारी. समताने आडवळण न घेता विचारले.

"चारुता, 'ख्यालीखुशाली' तू वाचतेस?"

"अगं बाई, पहिल्या वर्षी वाचायचे. आता वेळ कुठाय?"

"मग काय करतेस त्याचं?"

"स्पॅम दाबते," चारुता म्हणाली आणि भेळेवर शेव भुरभुरली.

"स्पॅम का? खाली लिहिलेलं असतं ना, यादीतून नाव काढा म्हणून?"

"वेडी का काय तू! ते दाबलं की काकांना कळतं. जयेश, अरे जयेश, इकडे ये. सांग हिला तुझं काय झालं ते."

चारुताचा नवरा जयेश हातात दोन ग्लास घेऊन आला. "कशाचं? हां, ते होय! मी नाव काढलं आणि चहा गार व्हायच्या आत काकांचा फोन. 'जयेशराव, काही चुकलं का आमचं?' आता काय सांगणार? म्हटलं, काका, चुकून बोट लागलं. त्यांनी त्याच क्षणी परत घेतलं यादीत. वर म्हणाले, पुढच्या अंकात तुमच्या बढतीचं छापतो."

"आणि छापलं," चारुता म्हणाली. "फोटोसकट. तेव्हापासून आम्ही स्पॅमच दाबतो. कुणाला कळत नाही, कुणी दुखावत नाही. सानिकाच्या घरीही तेच, रविकांतकडेही तेच. आम्हीच तर शिकवलं सगळ्यांना! का गं? तुझा चेहरा असा का झाला?"

समताने सांगितले. वृद्धनिवास, शॉवर, हूकस्ट्रा आजोबा. जसजशी ती सांगत गेली तसतशी चारुताच्या हातातली शेव खाली येत गेली.

"पण ते बटण तर फक्त माझ्यापुरतं असतं ना?" चारुता हळूच म्हणाली. "माझ्या पेटीतून जावं म्हणून..."

"ते बटण म्हणजे साक्ष असते," समता म्हणाली. "तुम्ही दर आठवड्याला राजानंदच्या सर्व्हरविरुद्ध साक्ष देत होता."

"अहो, पण आमचा हेतू वाईट नव्हता," जयेश म्हणाला.

समताने त्याच्याकडे पाहिले. सद्भावना. ज्या कंपनीला ती सिद्ध करण्याचीही गरज नव्हती तिच्याकडे ती होती की नाही कोण जाणे, पण इथे या हॉलमध्ये ती पातेल्यातल्या दुधासारखी उतू जात होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ. हॉलच्या पलीकडच्या टोकाला मृणालिनी उभी होती. समताची नजर जाताच तिने पटकन पाठ फिरवून कुणाच्या तरी बाळाचे गाल ओढायला सुरुवात केली. सुपात एवढे काय पाहण्यासारखे होते, याचा उलगडा झाला: तीही तेच बटण दाबत होती.

तेवढ्यात उल्हासकाकाच आले. पांढरा झब्बा, हातात दुधाचा ग्लास, आणि तो ग्लास समतासाठीच आणलेला.

"काय समताताई, केशर जरा जास्त घातलंय, तुमच्या विदर्भाच्या माणसांना चालेल ना? आणि 'ख्यालीखुशाली' वाचता की नाही?"

आता बोलावे. एक वाक्य पुरे होते. समताने तोंड उघडले.

"येते दर आठवड्याला," ती म्हणाली.

हे विधान सत्य होते. विधाने सत्य असावीत याची ती नेहमीच काळजी घेई. काका खूश होऊन पुढच्या माणसाकडे गेले आणि ती हातातल्या ग्लासाकडे पाहत राहिली. जिवाणूंच्या बाबतीत कुणाचीही भीड न बाळगणारी बाई एका झब्ब्यापुढे गप्प बसली होती. दूध उत्तम झाले होते, आणि त्याचाही तिला राग आला.

गुरुवारच्या बैठकीला मराइके होती, आणि इमारतीचे नळ-वीज पाहणारा कोर होता, एक रुंद खांद्यांचा, संथ माणूस. समताने आरोप-प्रत्यारोपांत वेळ न घालवता एकच विनंती केली. गाळणीने वेगळे काढून ठेवलेले उघडून दाखवा.

कोरने दोन बोटांनी टंकत शोध घेतला. इशारा तिथेच होता, दोन्ही वेळचा. वर गाद्यांची जाहिरात, खाली कुण्या मृत सेनापतीची संपत्ती वाटून घेण्याचे आमंत्रण, आणि मध्ये तिचे ठळक अक्षर: शॉवर ताबडतोब बंद करा.

"पण गाळणी रोज सांगत नाही का, काय काय अडवलं ते?" मराइकेने विचारले.

"सांगते," कोर म्हणाला. "रोज सकाळी एक पत्र येतं. फार मोठं असतं. मी ते आपोआप एका कप्प्यात जाईल असं करून ठेवलंय." त्याने कप्प्याचे नाव दाखवले. 'नंतर.' तो ओशाळला नाही, त्याने कारणही दिले नाही. तो फक्त म्हणाला, "ते मी वाचायला हवं होतं."

गेल्या काही दिवसांत असे वाक्य समताने प्रथमच ऐकले. तिला त्या माणसाविषयी एकदम आदर वाटला.

"मी फोनही केला होता," ती म्हणाली. "स्वागतकक्षातून सांगितलं, निरोप हरवतात, मेल करा."

मराइकेने मान हलवली. मग तिने समोरचा कागद उलटा केला, आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचे हसू आले. "एक चांगली बातमी राखून ठेवली होती. इस्पितळाचा निकाल सकाळी आला. हूकस्ट्रा आजोबांचा जिवाणू आणि आपल्या शॉवरमधला जिवाणू वेगळे आहेत. लागण इथे झालेलीच नाही. त्यांच्या मुलीच्या बागेत गरम पाण्याचा टब आहे, बहुधा तिथे. आणि ते आता उठून बसतात, जेवणाला नावं ठेवतात. तर मग प्रश्नच मिटला! करार चालू राहील. तक्रार करायचं काही कारण उरलं नाही."

समतालाही हायसे वाटले. म्हातारा बरा होता, तिची मान्यता शाबूत होती. पण ते हायसे वाटणे फार टिकले नाही.

"प्रश्न मिटला नाही," ती म्हणाली. "तो शॉवर धोक्याचा आहे हे मला कळल्यावरही तुमची माणसं त्याखाली उभी राहत होती. कुणी आजारी पडलं नाही हे नशीब. नशीब ही कार्यपद्धती नव्हे. उद्या मी पुन्हा इशारा पाठवला तर तो पुन्हा त्या सेनापतीच्या शेजारी जाऊन बसेल."

"पण नुकसान झालंच नाही ना," मराइके समजुतीच्या सुरात म्हणाली.

हेच ते. नुकसान झाले असते तर कंपनीला ढाल होती. नुकसान झाले नाही, तर कुणालाच ढालीची गरज नव्हती. दोन्हीकडून गाळणी जशी होती तशीच राहणार होती. समताला एखाद्या रबरी भिंतीवर डोके आपटत असल्यासारखे वाटले. लागत नव्हते, पण भिंतही हलत नव्हती.

मराइकेने करारात एक नवे वाक्य सुचवले: पोच मिळेपर्यंत इशारा देण्याची जबाबदारी प्रयोगशाळेची राहील. सगळ्या जगाला सूट देणाऱ्या वाक्यांच्या गर्दीत हे एकच वाक्य उलट्या तोंडाचे होते, आणि ते समताच्या वाट्याला आले होते. तिने ते दोनदा वाचले. त्यात तिला खोट सापडेना. ऐकू न गेलेला इशारा म्हणजे इशाराच नव्हे, हे तिने स्वतः दुसऱ्या कुणालाही सुनावले असते. तिने सही केली.

निघताना कोरने तिचा फोन नंबर विचारला आणि जाड मार्करने तो बॉयलरच्या खोलीच्या दारावर लिहून टाकला. आपला नंबर त्याने तिला तिच्या वहीच्या कोपऱ्यावर तसाच लिहून दिला.

घरी राजानंदने तोडगा काढून ठेवला होता. 'ख्यालीखुशाली' दुसऱ्या सर्व्हरवर हलवायची. दोन महिने गेले की आपला शिक्का पुसट होईल. "आणि उल्हासकाकांना कळणारसुद्धा नाही," तो समाधानाने म्हणाला.

"म्हणजे काका नव्या दारातून जातील, आणि चारुता नव्या दाराविरुद्ध साक्ष देईल."

"ते आपलं दार नसेल ना."

"राजानंद, कुणाला कळायला नको, म्हणूनच तर आपण इथवर आलो."

तिने आपली पेटी उघडली. ताजा अंक आला होता. वर कोजागिरीचा वृत्तांत होता, त्यात 'समताताईंनी दुधाचे तोंडभरून कौतुक केले' असे एक असत्य विधान. त्याखाली रव्याच्या लाडवांची कृती, आणि पार तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरात: यादीतून नाव काढा.

"अगं, नको," राजानंद म्हणाला. "काका दुखावतील."

समताने बटण दाबले, फोन टेबलावर उताणा ठेवला आणि त्याच्याकडे पाहत बसली. राजानंद चष्मा पुसत उभा राहिला. त्याने दुसरी काच पुसायला घेतली तोच फोन वाजला.

"समताताई!" उल्हासकाकांचा आवाज नेहमीसारखाच उबदार होता, पण त्यात एक लहानसा ओरखडा होता. "आत्ता मला इथे दिसलं... काही चुकलं का आमचं?"

चुकून बोट लागलं, हे तीन शब्द तिच्या जिभेवर तयार होते, जणू जन्मतःच कुणी ठेवून दिलेले.

"हो काका, चुकलं," ती म्हणाली. "तुमचं, आमचं, सगळ्यांचंच. थोडा वेळ आहे ना? बसा जरा, सांगते."

पलीकडून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.